काल रात्री हात कोणी लावला?

पहाटे साडेतीनला आमच्या घरात दिवा लागला की रमजानमध्ये शेजाऱ्यांना त्याचे काही वाटत नाही. सहरीची तयारी चालली असेल असे ते समजतात. पण आमच्याकडे तो दिवा वर्षभर अधूनमधून लागतो. आम्ही दोघे नवरा-बायको पुण्यात एकाच सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो आणि आमच्या कामाची वेळ बाकीचे लोक झोपतात तेव्हाची असते. लग्नकार्यात कोणी ना कोणी विचारतेच, "तुम्ही दोघं नेमकं करता तरी काय?" अम्मींनी त्यावर आपले एक उत्तर तयार ठेवले आहे. त्या सांगतात, "दूरच्या लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये इथं बसून सामान भरतात."

उत्तर अगदी बरोबर आहे. मोठ्या संस्थेत हजारो कॉम्प्युटर असतात. नवा प्रोग्राम आला किंवा जुन्याची सुधारलेली आवृत्ती आली, तर प्रत्येक खुर्चीपाशी जाऊन तो बसवणे शक्य नसते. म्हणून त्याचे एक गाठोडे बांधतात. त्यात तो प्रोग्राम असतो, समोरच्या माणसाला काही न विचारता तो गुपचूप बसवण्याच्या सूचना असतात, जुना काढायचा असेल तर त्याच्या सूचना असतात आणि तो नीट बसला की नाही हे ओळखण्याची खूण असते. या गाठोड्याला आमच्या धंद्यात पॅकेज म्हणतात. ते मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवले की ठरलेल्या रात्री सगळ्या कॉम्प्युटरवर उतरते. आमच्यापैकी एकजण ही पॅकेज बांधतो आणि दुसरा ती तपासून पाठवतो. कोण काय करतो हे इथे मुद्दाम सांगत नाही. पुढे जे घडले त्यात चूक दोघांची होती, आणि ती कुणा एकाच्या नावावर टाकायची नाही असे आम्ही तेव्हाच ठरवले आहे.

गोष्ट २०२३ च्या रमजानची आहे. आमच्याकडे एका मोठ्या रुग्णालय समूहाचे काम होते. वेगवेगळ्या शहरांत त्यांच्या शाखा आणि सगळे मिळून दोन हजारांच्या आसपास कॉम्प्युटर. त्यांच्या सुरक्षा विभागाने कळवले होते की जावाच्या जुन्या आवृत्त्या सगळीकडून काढून टाका आणि नवी बसवा. मागणी रास्त होती. जावा हा स्वतः काही काम करणारा प्रोग्राम नव्हे. दुसरे कित्येक प्रोग्राम त्याच्या आधाराने चालतात. जुन्या आवृत्तीत जी भोके सापडलेली असतात ती चोरांनाही ठाऊक असतात. रुग्णांची माहिती असलेल्या ठिकाणी असले दार उघडे ठेवणे बरे नव्हे.

पॅकेज बांधून झाले. नवी आवृत्ती बसवायची आणि आधीच्या जेवढ्या सापडतील तेवढ्या काढायच्या, अशा सूचना त्यात होत्या. नियमाप्रमाणे सगळ्या विभागांना मेल गेला की तुमच्या एखाद्या प्रोग्रामला जुनी जावा लागत असेल तर कळवा. बऱ्याच विभागांचे उत्तर आले, काहींचे आले नाही. मग वीस कॉम्प्युटरवर चाचणी झाली. त्याला आम्ही पायलट म्हणतो. चाचणीत सगळे नीट चालले. ईद तोंडावर होती, रजा टाकलेली होती, सोलापूरला जायचे होते. रमजानच्या तेविसाव्या रोजाच्या रात्री, म्हणजे शनिवारी, पॅकेज सगळीकडे सोडले. रुग्णालयाच्या लोकांना आधीच सांगितले होते की शनिवार-रविवार कॉम्प्युटर बंद करू नका.

सहरीच्या वेळी आम्ही लॅपटॉप उघडून पाहिला. डॅशबोर्ड हिरवागार होता. पॅकेज बसले की संगणक एक आकडा परत पाठवतो. शून्य आला तर काम झाले. १६०३ आला तर बसवताना काहीतरी मोडले. १६१८ आला तर त्याच वेळी दुसरे काही बसवले जात होते, नंतर परत प्रयत्न करा. ३०१० आला तर काम झाले, पण ते पुरे व्हायला कॉम्प्युटर एकदा बंद करून चालू करावा लागेल. आमच्याकडे बहुतेक शून्य होते आणि बरेच ३०१० होते. दोन्ही यशाचेच आकडे. अल्हम्दुलिल्लाह म्हणून आम्ही झाकण मिटले. रविवार शांत गेला. त्या रात्री पंचविसावी रात्र होती. आम्ही दोघेही निवांत जागलो, इबादत केली आणि फजरनंतर झोपलो.

सोमवारी सकाळी पावणेनऊला फोन वाजला.

एका शाखेच्या प्रयोगशाळेत तपासणीचे रिपोर्ट छापणारा प्रोग्राम उघडत नव्हता. चित्रावर क्लिक केले की क्षणभर चक्र फिरे आणि मग काहीच नाही. चुकीचा संदेशही येत नव्हता. दहा मिनिटांत दुसऱ्या शाखेतून तक्रार आली, मग तिसऱ्या. गंमत अशी की सगळीकडे सगळेच कॉम्प्युटर बंद पडले नव्हते. एका खोलीत चार असतील तर दोन चालत होते आणि दोन नाही. अर्ध्या तासाने तीन बंद आणि एकच चालू. साथीच्या रोगासारखे ते पसरत होते.

मोठा बिघाड झाला की सगळ्या विभागांना एका फोनवर बसवतात. त्या दिवशीही तसेच झाले. नेटवर्कवाले म्हणाले, आमच्याकडे सगळे ठीक आहे. सर्व्हरवाले म्हणाले, आमच्याकडे सगळे ठीक आहे. ज्या कंपनीने तो प्रोग्राम लिहिला होता तिचा माणूस म्हणाला, आम्ही तर महिनाभरात काहीच बदललेले नाही. मग प्रश्न आला, "शनिवार-रविवारी काही पाठवलं होतं का?" आम्ही उत्तर दिले, "जावाचं पॅकेज गेलं, पण त्याचा लॅबशी संबंध नाही. ते नीट बसलंय, रिपोर्ट हिरवा आहे."

हे वाक्य आम्ही खोटे बोलायचे म्हणून बोललो नाही. आम्हाला तसेच वाटत होते. पण आम्ही ते तपासलेले नव्हते. आमच्या शब्दावर विश्वास ठेवून पुढची पाऊण तासभर मंडळी नेटवर्कच्या तारा आणि सर्व्हरची मेमरी तपासत बसली.

त्या पाऊण तासात रुग्णालयात काय चालले होते ते आम्हाला नंतर कळले. रक्त तपासणारी यंत्रे चालू होती, पण रिपोर्ट बाहेर पडत नव्हते. तंत्रज्ञ आकडे कागदावर उतरवून घेत होते आणि फोनवरून वॉर्डात सांगत होते. डायलिसिसच्या रुग्णाचे पोटॅशियम किती हे फोनवर ऐकून नर्स लिहून घेत होती. गडबडीत, गोंगाटात, एक आकडा इकडचा तिकडे झाला असता तर? कोणाला इजा झाली नाही, अल्लाहचा फजल. पण त्यात आमची काही कर्तबगारी नव्हती. ती त्या लोकांची होती, जे प्रत्येक आकडा दोनदा वाचून दाखवत होते.

अब्बा त्या दिवसांत आमच्याकडेच होते. एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक म्हणून हयात काढून ते निवृत्त झाले आहेत. आमचा फोन स्पीकरवर होता आणि ते बाहेरच्या खोलीत तस्बीह घेऊन बसले होते. आम्ही पाणी मारायला तोंड धुण्याच्या बेसिनपाशी गेलो तेव्हा त्यांनी विचारले, काय झाले. आम्ही दोन वाक्यांत सांगितले. ते त्यांच्या सोलापुरी बोलीत म्हणाले, "गाडी कल चलरी थी ना? फिर रात कू हात किने लगाया?"

आम्ही म्हणालो, "हात आम्हीच लावला, पण तो वेगळ्या भागाला."

अब्बा हसले. म्हणाले, वर्कशॉपमध्ये सगळे हेच सांगतात. क्लचचे काम केले, ब्रेकशी आमचा संबंध नाही. गाडीखाली जाऊन बघा.

आम्ही गाडीखाली गेलो. म्हणजे असे केले: एकाच शाखेतले, एकाच खोलीतले दोन कॉम्प्युटर निवडले. एक चालणारा, एक न चालणारा. दोघांचे नेटवर्क एक, सर्व्हर एक, प्रोग्राम एक. मग फरक कशात? दोन्हींवर बसवलेल्या प्रोग्रामांची यादी शेजारी शेजारी ठेवली. दोन्हींवर नवी जावा दिसत होती. पण चालणाऱ्याच्या डिस्कवर जुन्या जावाचे फोल्डर अजून होते आणि न चालणाऱ्यावर ते नव्हते. चालणाऱ्याने आम्हाला ३०१० हा आकडा पाठवला होता. शनिवारी रात्री त्याच्यावर रिपोर्टचा प्रोग्राम उघडा होता, त्यामुळे वापरात असलेल्या फायली काढता आल्या नव्हत्या. त्या पुढच्या वेळी कॉम्प्युटर सुरू होताना काढायच्या, अशी नोंद विंडोजने करून ठेवली होती.

आता साथ कशी पसरत होती ते कळले. कुठलाही प्रोग्राम अडला की हेल्पडेस्कचा पहिला सल्ला ठरलेला असतो: एकदा बंद करून चालू करा. सकाळपासून तेच चालले होते. शेजारच्याचा बंद पडला म्हणून लोक खबरदारी म्हणून आपलाही बंद करून चालू करत होते. आणि प्रत्येक वेळी एक चांगला कॉम्प्युटर आमच्या पॅकेजचे उरलेले काम पुरे करून निकामी होत होता.

आम्ही फोनवर परत आलो आणि म्हणालो, "आधी सगळ्यांना सांगा, कोणीही कॉम्प्युटर रीस्टार्ट करू नका. कारण आमचं पॅकेज आहे. मघाशी आम्ही न तपासता बोललो." फोनवर काही क्षण कोणी बोलले नाही. मग कामाला लागले.

त्या दोन तासांतून जे शिकलो ते थोडक्यात सांगतो, कारण आज आपल्या घराघरांतली मुले-मुली या क्षेत्रात आहेत आणि ही शिकवण महागात पडली आहे.

पहिली गोष्ट, आग लागली की आधी ती पसरायची थांबवा, कारण नंतर शोधा. आम्ही रीस्टार्ट थांबवले आणि पॅकेजचे वाटपही थांबवले. यातही एक खोच आहे. मध्यवर्ती सर्व्हरवर तुम्ही "थांबा" म्हटले म्हणून दूरचे कॉम्प्युटर त्याच क्षणी थांबत नाहीत. आम्ही वापरतो त्या मायक्रोसॉफ्टच्या कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये कॉम्प्युटर नव्या सूचना विचारायला सर्वसाधारणपणे दर ६० मिनिटांनी येतो. म्हणजे तुमचा हुकूम शेवटच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचायला तासभर लागू शकतो. तेवढ्या वेळात माणसांनी फोन करून माणसांना सांगावे लागते.

दुसरी गोष्ट, दुरुस्तीच्या घाईत दुसरी चूक होते. आमच्या हातात उपाय होता: जुनी जावा परत बसवायची. एका मिनिटात ती दोन हजार ठिकाणी सोडता आली असती आणि फोनवरचे वरिष्ठ तेच सांगत होते. आम्ही हट्टाने आधी एका कॉम्प्युटरवर बसवली, रिपोर्ट छापून पाहिला, मग पाच ठिकाणी, मग फक्त प्रयोगशाळांत. पाचांपैकी एकावर ती बसली नाही. तिथला लॉग उघडला. विंडोजच्या इन्स्टॉलरचा सविस्तर लॉग हजारो ओळींचा असतो. तो वरून वाचत बसलात तर दिवस जाईल. त्यात "रिटर्न व्हॅल्यू ३" हे शब्द शोधायचे आणि त्याच्या लगेच वरच्या ओळी वाचायच्या. काम जिथे मोडले ती जागा तिथे सापडते. आमच्याकडे आदल्या काढणीचा उरलेला एक तुकडा आड येत होता. तो आधी साफ करण्याची सूचना घातली आणि मग बाकीच्या ठिकाणी पाठवले. सगळीकडे एकदम सोडले असते तर कितीतरी ठिकाणी पुन्हा तोच गोंधळ झाला असता.

घाईतल्या दुसऱ्या चुकीचे जगातले मोठे उदाहरण अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाल कंपनीचे आहे. १ ऑगस्ट २०१२ रोजी त्यांनी नवा प्रोग्राम आणला. तो ८ सर्व्हरवर बसवायचा होता. ७ वर बसला, एकावर राहून गेला. त्या एकावर पडून राहिलेला जुना, निरुपयोगी प्रोग्राम जागा झाला आणि भलत्याच सौद्यांचा पाऊस पाडू लागला. गडबडीत त्यांनी चांगल्या ७ सर्व्हरवरून नवा प्रोग्राम काढून टाकला, तेव्हा तो जुना प्रोग्राम सगळीकडेच सुरू झाला. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४० कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले.

आणि जुलै २०२४ तर सर्वांना आठवत असेल. १९ तारखेच्या जुम्म्याला क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा प्रोग्रामची एक सदोष फाईल जगभर गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या पडद्यावर अडकले. कंपनीने ती फाईल ७८ मिनिटांत मागे घेतली, पण जे कॉम्प्युटर अडकले होते त्यांना नवी सूचना घ्यायलाही जागे होता येत नव्हते. कित्येक ठिकाणी माणसांना एकेका कॉम्प्युटरपाशी जाऊन ती फाईल हाताने काढावी लागली. आपल्याकडच्या विमानतळांवर त्या दिवशी बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. ती बातमी टीव्हीवर चालू असताना अब्बांनी आमच्याकडे पाहिले आणि काही न बोलता मान हलवली.

आमच्या बाबतीत संध्याकाळपर्यंत सगळ्या प्रयोगशाळा सुरू झाल्या. इफ्तारला खजूर तोंडात घालताना हात थरथरत होते. अम्मींनी एवढेच विचारले, "त्या पेशंट लोकांचं काय झालं?" आम्ही म्हणालो, "सगळे सुखरूप आहेत." त्या म्हणाल्या, "मग आधी शुक्राना अदा करा, नोकरीचं नंतर बघू."

नोकरीचे बघायची वेळ त्याच रात्री आली. असा बिघाड झाला की त्याचे मूळ कारण लिहून द्यावे लागते. तरावीहनंतर आम्ही दोघे लिहायला बसलो. वरिष्ठांचा फोन येऊन गेला होता. ते वाईट माणूस नाहीत, आमच्या भल्याचेच बोलत होते. म्हणाले, "लॅबने मेलला उत्तर दिलं नव्हतं ना? तेच पहिलं कारण लिहा. आणि हेल्पडेस्कच्या त्या नव्या मुलाने सगळ्यांना रीस्टार्ट करायला सांगितलं, ते दुसरं. बाकी तुमचं पॅकेज नियमाप्रमाणेच होतं."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. प्रयोगशाळेचे उत्तर आले नव्हते आणि त्या मुलाने रीस्टार्ट करायला सांगितले होते. तो मुलगा कंत्राटावर होता, नोकरीला दोन महिनेही झाले नव्हते.

पण तोपर्यंत आम्हाला आणखी एक गोष्ट सापडली होती, जी दुसऱ्या कोणाला माहीत नव्हती आणि कोणी शोधलीही नसती. जुन्या जावाचे जे पॅकेज काही वर्षांपूर्वी कोणीतरी बांधले होते, त्याच्या सोबतच्या टिपणात एक ओळ होती: लॅब रिपोर्टच्या प्रोग्रामला हीच आवृत्ती लागते, विचारल्याशिवाय काढू नये. नवे पॅकेज बांधताना जुन्याचे टिपण वाचायचे, हा नियम आहे. बांधणाऱ्याने ते वाचले नव्हते. आणि तपासणाऱ्याने "जुने टिपण पाहिले" या चौकोनात खूण केली होती, कारण बांधणारा घरचा माणूस होता. परक्याचे पॅकेज असते तर ते उघडून पाहिले असते. पायलटच्या वीस कॉम्प्युटरमध्ये प्रयोगशाळेचा एकही नव्हता, हेही परक्याच्या बाबतीत खटकले असते. आम्ही एकमेकांवर विश्वास ठेवला. विश्वासात वाईट काही नव्हते. पण त्या विश्वासाची किंमत तिसराच कोणीतरी भरत होता, वॉर्डात पडलेला.

रात्री एकपर्यंत आम्ही बोललो, थोडे भांडलोही. घराचे हप्ते चालू आहेत. दोघांच्या नोकऱ्या एकाच ठिकाणी. ती ओळ न लिहिल्याने आपण खोटे काही बोलत नाही, फक्त कमी बोलतो, असेही आमच्यापैकी एकाने म्हणून पाहिले. त्यावर दुसऱ्यालाही लगेच उत्तर सुचले नाही. मग तहज्जुदसाठी अब्बा उठले, दिवा पाहून आत आले. आम्ही सगळे सांगितले. त्यांनी उपदेश केला नाही. एवढेच म्हणाले की सूरह निसामध्ये इन्साफाची साक्ष द्यायला सांगितली आहे, मग ती स्वतःच्या, आई-बापाच्या किंवा नातेवाइकांच्या विरुद्ध जात असली तरी. "तुम्हारा तो दोनों है," ते म्हणाले, "खुद बी, नातेवाले बी." आणि वजू करायला निघून गेले.

आम्ही ती ओळ लिहिली. पहिले कारण म्हणून लिहिली. हेल्पडेस्कच्या मुलाबद्दल लिहिले की त्याने त्याला दिलेल्या सूचनेप्रमाणेच केले आणि पॅकेज पाठवताना हेल्पडेस्कला सावध करणे आमचे काम होते. फोनवर आम्ही न तपासता "संबंध नाही" म्हणालो आणि पाऊण तास वाया गेला, हेही लिहिले. सहरीच्या आधी रिपोर्ट पाठवून दिला.

खरे बोलल्यावर बक्षीस मिळते असे आम्ही सांगणार नाही. त्या वर्षी आमच्यापैकी एकाची ठरलेली बढती गेली. त्या रुग्णालयाच्या कामावरून दुसऱ्याला काही महिने बाजूला ठेवले. रजा अर्धी रद्द झाली आणि सोलापूरला आम्ही ईदच्या आदल्या रात्री पोचलो. तो मुलगा मात्र नोकरीत राहिला. आणि कंपनीत एक नियम झाला की आमची पॅकेज आम्ही एकमेकांनी तपासायची नाहीत. सुरुवातीला हा नियम अपमानासारखा लागला. अब्बांना सांगितले तर त्यांना नवल वाटले की तो आधीपासून कसा नव्हता. म्हणाले, आमच्या शेडमध्ये ज्याने ब्रेक बसवले त्याच्या सख्ख्या भावालाही ट्रायल घेऊ देत नव्हते.

आता पायलटमध्ये प्रत्येक विभागाचा किमान एक कॉम्प्युटर असतो आणि त्यावर त्या विभागाचा माणूस स्वतः काम करून पाहतो. पॅकेज बसले म्हणजे प्रोग्राम चालला, असे आम्ही मानत नाही. डॅशबोर्डचा हिरवा रंग इतकेच सांगतो की सामान पोचले. त्या सामानाने घरातले कोणते सामान मोडले ते तो सांगत नाही. उत्तर आले नाही म्हणजे होकार, हे आम्ही सोडून दिले. उत्तर आले नाही तर फोन करतो. आणि परतीचा रस्ता बांधून, चालून पाहिल्याशिवाय पुढे जात नाही. उंट आधी बांधा आणि मग अल्लाहवर भरोसा ठेवा, ही हदीसमधली शिकवण आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तिचा अर्थ त्या सोमवारी नीट कळला. आम्ही उंट न बांधताच पंचविसाव्या रात्री निवांत इबादतीला बसलो होतो.

लिहून ठेवण्याचेही तसेच. कुरआनातली सर्वांत मोठी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, हे मदरशात पाठ केले होते. एवढ्या साध्या कामासाठी एवढी मोठी आयत का, असे तेव्हा वाटायचे. काही वर्षांपूर्वी कोण्या अनोळखी माणसाने टिपणात एक ओळ लिहून ठेवली. तो आता कुठे आहे आम्हाला ठाऊक नाही. त्याने आपले काम केले होते. वाचायचे काम आमचे होते. आता आमच्या प्रत्येक पॅकेजसोबत आम्ही असे टिपण लिहितो, पुढे ते वाचणारा आमच्यासारखाच घाईत असेल हे धरून, ठळक अक्षरांत आणि सर्वांत वर.

रिपोर्टचा तो प्रोग्राम लिहिणाऱ्या कंपनीने काही महिन्यांनी नव्या जावावर चालणारी आवृत्ती दिली. तोपर्यंत जुनी जावा फक्त प्रयोगशाळांच्या कॉम्प्युटरवर ठेवली आणि त्यांना बाहेरच्या इंटरनेटपासून तोडले. शेवटी जुनी जावा काढायचे पॅकेज परत पाठवायची वेळ आली. या वेळी ते आमच्याच टीममधल्या एका मुलीने तपासले आणि तिने सात शंका काढल्या. त्यातल्या दोन खऱ्या निघाल्या. आम्ही तिचे आभार मानले आणि दुरुस्त करून पाठवले.

सोमवारी सकाळी पावणेनऊ वाजता आम्ही दोघे फोन समोर ठेवून बसलो होतो. साडेनऊला आम्हीच प्रयोगशाळेत फोन लावला आणि विचारले, रिपोर्ट निघतायत का. पलीकडून ताई म्हणाल्या, "निघतायत की. काही बदललंय का?"

"हो," आम्ही म्हणालो, "काल रात्री आम्ही हात लावलाय. दिवसभर जरा लक्ष ठेवा, आणि काहीही वेगळं दिसलं तर आधी आम्हाला सांगा."